पंचविशीची दालचिनी

डेन्मार्कला एक सेमिस्टर राहून आले म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. थंडी किती होती, आणि तिथली माणसं खरंच एवढी सुखी असतात का? थंडीचं सांगते. मी राहायचे त्या ऑरहुस शहरात डिसेंबरात पावणेचारच्या आत सूर्य मावळतो, आणि ढगांमुळे तो मुळात उगवला होता हेच कळलेलं नसतं. सुखाचं मात्र मला काही मोजता आलं नाही. सांगण्यासारखं जे काही आहे ते बरंचसं आमच्या कोलेगियमच्या, म्हणजे हॉस्टेलच्या, सामायिक स्वयंपाकघरात घडलं.

एका कॉरिडॉरला एक स्वयंपाकघर. फ्रीजमध्ये प्रत्येकाचा कप्पा ठरलेला. दारावर तक्ता: ओटा कोण पुसणार, कचरा कोण नेणार, रिकाम्या बाटल्या सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकून अनामत कोण परत आणणार. (छोट्या कॅनला 1 क्रोन, मोठ्या बाटलीला 3. परदेशी विद्यार्थ्यांना हे अर्थशास्त्र फार लवकर समजतं.) सुरुवातीला शेजारच्या खोलीतली मुलं समोरून यायची आणि नजर चुकवून निघून जायची. मी मनातल्या मनात सगळ्या देशाला शिष्ट ठरवून टाकलं.

मग कुणीतरी तक्त्यावर जेवणाच्या पाळ्यांमध्ये माझं नाव लिहिलं. ज्याची पाळी, त्याने सगळ्यांसाठी रांधायचं. जेवण संध्याकाळी सहाला म्हणजे सहालाच. घड्याळाच्या गजराइतके वक्तशीर लोक! शहराच्या पश्चिमेला बाझार वेस्ट म्हणून मोठा बाजार आहे, तिथे बेसन, कढीपत्ता, कोथिंबीर सगळं मिळतं. मी पिठलं-भात केला. मेणबत्त्या लागल्या, पिठल्याभोवती सहा फुटी माणसं शांतपणे बसली आणि पातेलं खरवडेपर्यंत जेवली. उठण्याआधी प्रत्येकाने माझ्याकडे बघून जेवणाबद्दल आभार मानले. भांडी मला घासू दिली नाहीत, कारण रांधणाऱ्याने घासायची नसतात. आणि मग सगळ्यांनी हिशेब करून आपापल्या वाट्याचे पैसे मोबाईलवर पाठवले.

आईला हे सांगितलं तर ती हादरली. "जेवायला घालून पैसे घेतलेस? कोल्हापुरात कुणाला सांगू नकोस हं."

पण त्या टेबलावर रोज दोन-दोन तास बसल्यावर माझं मत बदललं. ही माणसं थंड नाहीत. ती वेळ ठरवून मायाळू आहेत. उगाच दारावर टकटक करून "काय चाललंय?" विचारणं त्यांना आगाऊपणा वाटतो. पण एकदा तक्त्यावर नाव चढलं, की तुम्ही घरचे. आजारी पडले तेव्हा न सांगता माझी कचऱ्याची पाळी कुणीतरी केली, आणि नंतर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

ऑक्टोबरात आमच्या कॉरिडॉरमधला भौतिकशास्त्राचा एक मुलगा पंचवीस वर्षांचा झाला. डेन्मार्कमध्ये पंचविशीला लग्न झालेलं नसेल तर अंगावर दालचिनी टाकतात. तिशीला मिरपूड. पूर्वी मसाल्याचे व्यापारी फिरतीमुळे बिनलग्नाचे राहायचे, तिथून हे आलं असं सांगतात. त्याला पोहण्याचा गॉगल आणि रंगाऱ्यांचा पांढरा डगला घालून हिरवळीवर उभं केलं. आधी पाइपने पाणी मारलं, कोरड्या अंगाला पावडर चिकटत नाही म्हणून. मग होरसेन्सहून आलेल्या त्याच्या आईने पहिली मूठ मारली, आणि त्यानंतर पिशव्याच्या पिशव्या रिकाम्या झाल्या. त्याची मैत्रीण सगळ्यांत पुढे होती. दोघं बऱ्याच वर्षांपासून एकत्र राहतात, लग्नाचा विषयही नाही. कान, भुवया, दाढी, सगळं तपकिरी. आपल्याकडे लग्न ठरलं की हळद लावतात, इथे ठरलं नाही की दालचिनी.

मी मुद्दाम घरी व्हिडिओ कॉल लावला होता. मागे आत्याही होती, जी माझ्या तेविशीपासूनच पंचविशीची आठवण करून देते. मला वाटलं, अविवाहित मुलाची आई स्वतः हसत मसाला उधळते आहे हे बघून तिला काहीतरी वाटेल. आत्या बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "केवढी गं दालचिनी वाया घालवली."

डिसेंबरातलं ख्रिसमसचं जेवण दुपारी सुरू झालं ते रात्रीपर्यंत. हेरिंग मासे मला जमले नाहीत, राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाशी मात्र गट्टी जमली होती. शेवटी थंडगार तांदळाची खीर, वर चेरीचा गरम रस. सगळ्या पातेल्यात एकच अख्खा बदाम असतो, तो ज्याला मिळेल त्याला बक्षीस. खरी मजा पुढे आहे. ज्याला मिळतो तो गालात लपवून गप्प बसतो, म्हणजे बाकीचे पोट फुटेस्तोवर खात राहतात. आमच्यातल्या सगळ्यांत अबोल मुलीने चेहऱ्यावरची रेषही न हलवता आम्हाला तीन-तीन वाट्या खायला लावल्या.

जानेवारीत तोंडी परीक्षा झाली. समोर शिक्षिका, जिला मी सहा महिने नुसत्या नावाने हाक मारत होते, आणि शेजारी दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक. कॉफी विचारली, आणि मग सोलून काढलं. बोलून झाल्यावर मला पाच मिनिटं बाहेर उभं केलं, परत बोलावलं आणि गुण कारणांसकट तोंडावर सांगितले. सात.

"सात? कितीपैकी?" आईने विचारलं.

"बारा. पण तसं नसतं गं. 12, 10, 7, 4, 02, 00 आणि उणे 3, एवढेच गुण असतात. सात म्हणजे चांगले."

"दोनच्या आधी शून्य कशाला?"

"कुणी दोनच्या आधी एक लावून बारा करू नये म्हणून."

हे तिला लगेच पटलं. पण उणे तीनवर ती अडली. ज्याला काहीच येत नाही त्याला शून्य द्यावं, इथवर तिचं म्हणणं स्पष्ट होतं. "पण हे तीन त्याच्याकडून घ्यायचे म्हणजे," ती म्हणाली, "येताना घरून आणले होते का त्याने?"