तुम्ही विचारलंत म्हणून: आईवडिलांना का कळवता?

"पोरं विश्वासानं सांगतात आणि तुम्ही घरी कळवता, हे बरोबर आहे का?" सांगलीत कॉलेजात समुपदेशनाला लागले तेव्हापासून हे ऐकते आहे. विचारणारे बहुतेक शिक्षकच असतात, म्हणून एकदा नीट सांगते.

सगळं कळवत नाही. प्रेम, सिगारेट, नापास झालेला पेपर माझ्यापाशीच राहतो. पण अठराच्या आतलं मूल जीव द्यावासा वाटतो म्हणालं, तर घरी कळवते. ही अट पहिल्याच भेटीत सांगितलेली असते. माझी खोली पाचला बंद होते, पुढची रात्र त्या मुलाला घरातच काढायची असते.

तासगावकडची बारावीतली एक मुलगी. "बाबांना सांगू नका," एवढंच म्हणत होती. मी आईबाबांना बोलावलं, तिला शेजारी बसवूनच बोलले. बाबा म्हणाले, "हिला काय कमी केलं आम्ही?" मग आवाज खाली आणून, "पोलीस केस होईल का?" २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगितलं: जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूसही तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, शिक्षा नाही. हिनं तर नुसतं मनातलं बोलून दाखवलंय. त्यांची द्राक्षबाग आहे, म्हणून विचारलं, फवारणीची औषधं कुठं असतात?

"पडवीत."

कुलूप?

"घरच्या घरात कसलं कुलूप?"

तेव्हा मुलगीच खाली बघत म्हणाली, "लावा, बाबा."

ते काही बोलले नाहीत. त्याच संध्याकाळी सगळं मळ्यातल्या खोलीत हलवलं, किल्ली चुलत्यांकडे दिली. माझ्या तासाभराच्या बोलण्यानं जे झालं नसतं ते त्या किल्लीनं झालं. तो टोकाचा विचार बहुतेकदा काही वेळानं ओसरतो. तेवढ्या वेळात हाताशी काही नसावं लागतं, आणि ही सोय घरचेच करू शकतात. तिला थेट विचारत जा, विचारल्यानं तसलं काही डोक्यात शिरत नाही, हेही सांगितलं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा, फुकट नंबर दिला. तो आईबापांसाठीही आहे.

उपचार झाले, ती सावरली. माझ्याशी बोलत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला मी म्हणायचे, एकाचं गुपित फुटलं की दुसरं मूल दार ठोठावत नाही. माझं तेव्हाचं हे म्हणणं मला आजही खोडता येत नाही. त्या वर्षी या मुलीच्या वर्गातून कुणीच आलं नाही. जिथं मारणारा बापच असतो, तिथं मी आधी मामा, आत्या शोधते, नाहीतर १०९८ ला, मुलांच्या मदतवाहिनीला, फोन लावते. तिथंही निवड चुकू शकते, हे मला माहीत आहे. तरी पुढचं मूल तसं म्हणालं तर मी घरी फोन करणार. तेव्हा मला अडवू नका.