देवानं दिले की सरकारनं?

बीड जिल्ह्यात मी गावोगाव संविधानाची शिबिरं घेते. एक प्रश्न तिथे हमखास येतो. कधी पारावरचे आजोबा विचारतात, कधी कॉलेजातली मुलगी: "ताई, हे मानवी हक्क आले कुठून? देवानं दिले, सरकारनं दिले, की गोऱ्या लोकांनी?" शिबिरात तेवढा वेळ मिळत नाही. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आज सविस्तर सांगते.

'सरकारनं दिले' हे उत्तर मराठवाड्याच्या माणसाला तरी पटू नये. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. तिथे सभा घ्यायची तर परवानगी लागे. निजामाच्या राज्यात जबाबदार सरकार मागणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर १९३८ साली ती नीट उभी राहण्याआधीच बंदी आली. हक्क जर सरकारच्याच हातून मिळत असतील, तर मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सोबती कशासाठी तुरुंगात गेले? कायदा त्यांच्या विरुद्ध होता, तरी न्याय त्यांच्या बाजूला होता. हे ज्याला मान्य आहे, त्यानं हक्क कायद्याच्या आधीचा असतो हे मान्य केलंच.

'गोऱ्यांनी दिले' हेही अर्धवट आहे. त्याच सप्टेंबरात भारताविरुद्धची हैदराबादची तक्रार पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे गेली होती, आणि त्याच शहरात १० डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. बाजूनं ४८ देश, विरोधात एकही नाही, ८ तटस्थ. मसुद्याच्या कामात लेबनॉनचे चार्ल्स मलिक होते, चीनचे पी. सी. चँग होते. पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारी शब्दरचना होती; ती बदलून 'सर्व माणसं' करायला लावली भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसाबेन मेहतांनी. देवाचा उल्लेख असावा, अशी सूचना आली होती. जगात परंपरा अनेक आहेत, असं म्हणत चँग यांनी विरोध केला आणि तो उल्लेख गळला. राहिली ती विचारशक्ती आणि सदसद्विवेकबुद्धी. फ्रेंच तत्त्वज्ञ झाक मारितँ यांनी त्या काळातली एक आठवण नोंदवली आहे: हक्कांवर आमचं एकमत आहे, अट एवढीच की 'का' ते कुणी विचारू नये.

पॅरिसमध्ये हे भागलं असेल, पारावर भागत नाही. लोक 'का' विचारतात, आणि विचारलंच पाहिजे. ज्याचं कारण मनाला पटलेलं नाही, असा हक्क पहिल्या दंगलीत जळून जातो.

आपल्याकडे कारणांची वाण नाही. नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडची, एकनाथ पैठणचे. पण मला सगळ्यात मोठी वाटते ती सोयराबाई, चोखोबांची बायको. ती मंगळवेढ्याची, पण तिचे अभंग आमच्याकडे आजही बायका म्हणतात. 'देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म' असं ती विचारते. विटाळ देहातच जन्मतो आणि देह तर सगळ्यांनाच आहे, मग सोवळा कोण? सातशे वर्षांपूर्वी एका अस्पृश्य बाईनं, ग्रंथाचा आधार न घेता, फक्त माणसाच्या शरीराकडे बोट दाखवून मांडलेला हा युक्तिवाद आहे. याहून भक्कम पाया मला कुठे दिसलेला नाही.

तरीही चोखोबा देवळाबाहेरच राहिले. पंढरपूरचं मंदिर दलितांना उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केल्यावर. नाथांनी श्राद्धाचं अन्न अस्पृश्यांना वाढलं अशी कथा आहे, आणि ती आठवली की आजही माझा ऊर भरून येतो. पण शेजारच्या वाड्यातल्या यजमानानं वाढलं नसतं, तर त्या उपाशी माणसांना कुठे दाद मागता आली असती? दया देणाऱ्याच्या मर्जीवर असते.

समतेचा पाया परंपरेत सापडतो, पण नुसती दया पुरत नाही, हे दोन्ही डॉ. आंबेडकरांना ठाऊक होतं. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात त्यांनी सांगितलं की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्याकडून घेतली आहेत. त्यांचं मूळ राज्यशास्त्रात नाही, धर्मात आहे. ज्यांनी देशाला संविधान दिलं, तेच सांगत होते की खरं संरक्षण बंधुतेचं, कायदा त्याच्या मागे. ते किती खरं होतं हे आम्ही १९७८ साली पाहिलं. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं पेटली. अस्पृश्यता बंद करणारं संविधानातलं सतरावं कलम तेव्हा जागेवरच होतं. जुन्या नावाला आंबेडकरांचं नाव जोडून नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं.

आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण तिच्याबद्दल आपण गप्प राहतो. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचे अत्याचार आपण मुलांना सांगतो, सांगितलेच पाहिजेत. पण पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजांनी हैदराबाद घेतल्यावर, साध्यासुध्या मुसलमानांचं जे झालं, तेही सांगायला हवं. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. आदमच्या लेकरांना आम्ही प्रतिष्ठा दिली, असं कुराणाच्या सतराव्या सूऱ्यात आहे. फक्त ईमान आणणाऱ्यांना, असं तिथे म्हटलेलं नाही. कुणी तिथून पाया घ्यावा, कुणी सोयराबाईकडून, कुणी बुद्धाकडून. माझी अट एकच: तो पाया हरलेल्या बाजूच्या माणसालाही उभं राहू देणारा हवा.

देवधर्म न मानणाऱ्यांना मी जर्मन तत्त्वज्ञ कांट सांगते. वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा, हे त्याचं म्हणणं बीडमध्ये समजावून सांगावं लागत नाही. इथे ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून 'एक कोयता', म्हणजे एकच मजूर, धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हातात पडते, बाई आजारी पडली तरी खाडा, म्हणजे गैरहजेरी, दोघांचा. पाळीच्या दिवसांत काम बुडू नये म्हणून ऊसतोडीच्या बायकांनी गर्भाशयं काढून टाकली, हे २०१९ साली साऱ्या राज्यानं ऐकलं.

गेल्या दसऱ्याआधी, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात असताना, एका शिबिरात एकीनं विचारलं, "मोळी मी पण बांधते, मग पैसा माझ्या नावानं का नाही?" मी तिला जाहीरनाम्याचं २३ वं कलम वाचून दाखवलं: समान कामाला समान मोबदला. मग आम्ही सगळ्या बसलो, आणि टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या वहीत तिचं नाव वेगळं कसं लिहून घ्यायचं, यावर बोललो.