कामिकात्सुमधले घर रिकामे करताना

ओसाकात नऊ वर्षे नोकरी केल्यावर, २०२४च्या उन्हाळ्यात, मी जपानच्या शिकोकू बेटावरच्या कामिकात्सु या डोंगरी गावात घर घ्यायचे ठरवले. १९५५ साली दोन खेडी एकत्र करून हे गाव झाले तेव्हा इथे सहा हजारांहून अधिक माणसे राहत होती. आज चौदाशेपेक्षाही कमी उरली आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांनी पासष्टी ओलांडली आहे. अशा गावात घर सहज मिळेल असा माझा समज होता, तो पहिल्याच भेटीत दूर झाला.

जपानमध्ये गावोगावी ‘आकिया बँक’ असते, म्हणजे रिकाम्या घरांची यादी. २०२३च्या पाहणीनुसार देशभरात सुमारे ९० लाख घरे रिकामी आहेत, तरी मी पाहिलेल्या यादीत घरे मोजकीच होती. घर रिकामे असणे आणि मोकळे असणे यांत फार अंतर आहे. आत सामान असते, पितरांचे देवघर असते आणि ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, दिवसांत मुले दूरच्या शहरांतून तिथे येतात, म्हणून घर विकायला त्यांचे मन धजत नाही. मी पसंत केलेले घर तर अजून मालकाच्या दिवंगत आजोबांच्याच नावावर होते. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसनोंद रखडते तसाच हा प्रकार. जपानमध्ये १ एप्रिल २०२४पासून वारसा कळल्यावर तीन वर्षांत नोंदणी करणे सक्तीचे झाले आहे, तोपर्यंत ती ऐच्छिक होती. सहा वारसांच्या संमतीपत्रांवर सहीऐवजी चालणारे नोंदणीकृत शिक्के उमटवून घेण्यात आणि प्रत्येकाचा शिक्क्याचा दाखला मिळवण्यात पाच महिने गेले. मागच्या शेताचा तुकडा मी सोडून दिला, कारण शेतजमिनीला कृषी समितीची वेगळी परवानगी लागते.

व्यवहारात एक अट होती: घरातल्या सामानाची विल्हेवाट मी लावायची. कामिकात्सुत कचरागाडी येत नाही. २००३मध्ये या गावाने ‘शून्य कचरा’ हे ध्येय जाहीर केले. इथे प्रत्येक जण आपला कचरा स्वतः गावच्या कचरा-केंद्रावर नेतो. तिथे तो चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करावा लागतो. ओला कचरा नेण्याचा प्रश्नच नाही, त्याचे खत घरीच करायचे. प्रत्येक डब्यावरच्या पाटीवर ती वस्तू पुढे कुठे जाते, तिचे काय बनते आणि त्यासाठी गावाला खर्च येतो की पैसे मिळतात, हे लिहिलेले असते. हे वाचता वाचता माझा हात आपोआप सावकाश चालू लागला. पारदर्शक, तपकिरी आणि इतर रंगांच्या बाटल्या वेगळ्या, झाकणे वेगळी, आरसे वेगळे, आणि गाद्यांची जागाही निराळी.

उसन्या छोट्या मालमोटारीतून मी तेवीस खेपा केल्या. पहिल्या दोन-तीन खेपांत केंद्रावरच्या बाईंनी माझी अर्धी पोती परत उघडायला लावली, आणि त्यांचे बरोबर होते. एकेक वस्तू हातात घेऊन ती कशाची आहे हे ठरवावे लागले, म्हणूनच हे घर मला कळले. स्वयंपाकघरातल्या एका खणात धुऊन वाळवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या चौकोनी घड्या घालून रचून ठेवल्या होत्या. उमेबोशीच्या, म्हणजे खारवलेल्या आंबट फळांच्या, बरणीवर पेन्सिलीने वर्ष लिहिले होते: १९९८. बरणी मी काचेच्या डब्यात टाकली नाही, ती माझ्याकडेच आहे.

पडवीत बोथट टोकांच्या छोट्या कात्र्यांचा एक जुडगा सापडला. मी तो लोखंडात टाकायला निघालो, तेव्हा शेजारच्या आजींनी मला थांबवले. त्या संत्री तोडायच्या कात्र्या होत्या. फळाला ओरखडा पडू नये म्हणून त्यांची टोके गोल ठेवलेली असतात. १९८१च्या फेब्रुवारीतल्या कडाक्याच्या थंडीने इथल्या संत्र्यांच्या बागा मारल्या. पुढे १९८६पासून गावातल्या बायका ताटाच्या सजावटीसाठी मेपलची आणि इतर झाडांची पाने उपाहारगृहांना विकू लागल्या, आणि तो व्यवसाय आजही चालू आहे. ‘पानांनाही हीच चालते,’ असे म्हणत आजींनी त्यांतली एक उचलली आणि बाकीच्या केंद्रातल्या फुकट वस्तूंच्या दुकानात ठेवायला सांगितल्या. दोन दिवसांनी मी गेलो तेव्हा तिथे एकही शिल्लक नव्हती.

नव्या पत्त्याची नोंद १४ दिवसांत करायची असते. मी ती तिसऱ्याच दिवशी केली आणि निवासपत्राच्या, म्हणजे परदेशी रहिवाशांच्या ओळखपत्राच्या, मागच्या बाजूला गावाचे नाव छापून मिळाले. एव्हाना देवघरही हलले होते. आधी भिक्षूंनी येऊन विधिपूर्वक त्याचा निरोप घेतला आणि पितरांच्या पाट्या थोरली वारस घेऊन गेली. आता भिंतीतला तो कोनाडा तेवढा मोकळा आहे. ओबोनला ती येणार आहे. तिथे काय ठेवायचे हे मी तिला विचारूनच ठरवणार आहे.