सुगारामुर्दी ते लोग्रोन्यो: चेटकीण ठरवलेल्यांच्या वाटेने

बहुतेक लोक उत्तर स्पेनमधलं लोग्रोन्यो शहर पाहून परततात. माझं ऐका, आधी सुगारामुर्दीला जा. १६०९च्या हिवाळ्यात चेटूक केल्याचा आरोप असलेले लोक तिथूनच लोग्रोन्योला गेले. दोन्हींत अंतर साधारण १६५ किलोमीटर. बसच्या भरवशावर राहू नका. सान सेबास्तियन किंवा पाम्प्लोनाहून गाडी भाड्याने घ्या. त्यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वीच आरटीओतून काढून ठेवा.

सुगारामुर्दी हे फ्रान्सच्या सीमेलगतचं बास्क लोकांचं छोटंसं गाव. दारांवर वाळलेलं काटेरी फूल खिळ्याने ठोकलेलं दिसतं, सूर्यासारखं गोल. वाईट शक्ती आत येऊ नये म्हणून ते लावायची जुनी रीत आहे. आधी संग्रहालय बघा, मगच गुहा. नाहीतर गुहा नुसतं निसर्गदृश्य वाटते. तिच्यातून ओढा वाहतो, त्याचं नावच ‘नरकाचा ओढा’. पायवाट ओली असते, तळ चांगला असलेले बूट घाला.

चेटकिणींचे मेळे इथे भरत, असा आरोप होता. १६०८ साली फ्रान्सहून परतलेल्या एका तरुणीने शेजाऱ्यांची नावं घेतली. घाबरलेल्या आरोपींनी चर्चमध्ये कबुली दिली, गावाने माफही केलं. तिथेच मिटलं असतं. पण बातमी लोग्रोन्योच्या इन्क्विझिशनपर्यंत, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या न्यायालयापर्यंत गेली आणि चौघांना धरून नेलं. (गोव्यामुळे हा शब्द आपल्याला नवा नाही, पण ते पोर्तुगालचं, हे स्पेनचं.) मग आणखी सहा जण आपणहून निघाले, ‘आम्ही भीतीपोटी खोटं बोललो’ हे सांगायला. त्यांत ग्रासियाना दे बारेनेचेआ ही म्हातारी होती. त्यांनाही कोठडीत टाकलं. भाषा बास्क, न्यायाधीश स्पॅनिश बोलणारे. प्रत्येक शब्द दुभाष्यामार्फत. ग्रासियाना तुरुंगातच वारली.

लोग्रोन्योला जाताना ओत्सोन्दोच्या खिंडीतला रस्ता घ्या. मे महिन्यात तिथे गाडीतून उतरले तर वाऱ्याने दोन मिनिटांत हात गार पडले. ते सहा जण फेब्रुवारीत गेले होते.

लोग्रोन्योत मुक्काम जुन्या भागातच करा. दुपारी दुकानं बंद असतात, संध्याकाळी लाउरेल गल्ली गजबजते. तिथल्या परतलेल्या मशरूमवर कोळंबी खोचलेली असते. शाकाहारी असाल तर ‘सिन गांबा’ असं आधीच सांगा.

याच शहरात ७ आणि ८ नोव्हेंबर १६१० रोजी जाहीर शिक्षा सुनावल्या गेल्या. चेटूक केल्याबद्दल सहा जणांना जाळलं, तुरुंगात मेलेल्या पाच जणांचे पुतळे जाळले. कबुली देणारे बहुतेक वाचले. ‘मी काही केलेलं नाही’ यावर ठाम राहणारे आगीत गेले. मला हे अजून सहन होत नाही.

तीन न्यायाधीशांपैकी एक होता आलोन्सो दे सालाझार फ्रियास. १६११मध्ये तो डोंगरांतल्या गावोगाव फिरला, १,८०२ जणांचे जबाब नोंदवले; त्यांत तेराशेहून जास्त मुलं होती. चेटकाची म्हणून आणलेली मलमं तपासली, तर ती बनावट निघाली. त्याने वरिष्ठांना कळवलं, की या गोष्टी बोलायला-लिहायला लागेपर्यंत इथे ना चेटकिणी होत्या, ना कुणाला बाधा. १६१४मध्ये वरून कडक नियम आले आणि अशा खटल्यांना लगाम बसला. ग्रासियाना हेच सांगायला पाच वर्षं आधी आली होती.