एका कागदाच्या भरवशावर नागपूर

अमेरिकेत राहून लग्नाच्या आधारावर ग्रीन कार्डचा अर्ज केला, की तो मंजूर होईपर्यंत देशाबाहेर जायला वेगळी परवानगी लागते. तिला ॲडव्हान्स परोल म्हणतात आणि ती आय-131 या फॉर्मवर मागायची असते. ती हातात नसताना विमानात बसलं, तर आय-485 हा मुख्य अर्ज आपणच सोडून दिला असं धरलं जातं. एच-1बी किंवा एल-1 या नोकरीच्या व्हिसांवर असलेल्यांना यातून सूट आहे. मी स्टुडंट व्हिसावर आले, शिकले, मग ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ काम करायच्या परवानगीवर, नोकरीला लागले. मला सूट नव्हती.

आमचा अर्ज 2024 च्या मार्चमध्ये गेला. त्यासोबत आय-131 ही भरला होता. तेव्हा त्याला वेगळे पैसे पडत नव्हते. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून नियम बदलला आणि आय-485 सोबतच्या आय-131 ला 630 डॉलर वेगळे लागू झाले. तेव्हापासून ओळखीतली कितीतरी जोडपी हा फॉर्म भरतच नाहीत. "आत्ता कुठं जायचंय?" म्हणतात. मी प्रत्येकाला हात जोडून सांगते, भरा. आई-वडील साठीच्या पुढे असतील तर नक्कीच भरा.

मे महिन्यात बाबांच्या छातीत दुखायला लागलं. बाबा वेकोलितून, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीतून रिटायर झालेले, उमरेडच्या खाणीवर आयुष्य काढलेलं, दुखणं अंगावर काढायची सवय. दादाने त्यांना जबरदस्तीनेच धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. ॲंजिओग्राफी झाली, तीन ब्लॉक निघाले, बायपास सांगितली. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा आणि आई म्हणायची, बाबा झोपलेत, बाबा खाली गेलेत. शेवटी आत्याचा मेसेज आला, "आता कसं आहे गं बाबांचं?" आणि मी दादाला फोन लावला.

"तुला सांगून काय फायदा होता?" दादा म्हणाला. "तिकडं अडकून राहिली तू. पेपर नाही आला तुझा. रडत बसली असती फक्त."

त्याच्या बोलण्यात माया होती, हे मला कळत होतं. तरी मी त्याच्यावर ओरडले. कारण कागद यायची वाट पाहत बसणं एवढा एकच मार्ग नव्हता. अगदी तातडीचं कारण असेल तर इमर्जन्सी ॲडव्हान्स परोल मागता येतो. इमिग्रेशन खात्याच्या कॉल सेंटरला फोन करायचा, परिस्थिती सांगायची, आणि त्यांना पटलं तर ते जवळच्या फील्ड ऑफिसची अपॉइंटमेंट देतात. पण त्या दारावर जी कागदपत्रं दाखवायची, त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट नागपुरातून यायची होती. डॉक्टरांचं पत्र. घरच्यांनी बातमीच लपवली तर ते पत्र मागणार कोण?

या पत्राबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावरच चाललं. दादाने आधी डॉक्टरांच्या फाइलचे फोटो पाठवले. डॉक्टरी अक्षर, अर्धी पानं सावलीत. ते चालणार नव्हतं. पत्र हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, टाइप केलेलं हवं. त्यात पेशंटचं पूर्ण नाव, आजार काय, भरती कधी केलं, ऑपरेशनची तारीख कोणती, जिवाला धोका किती, आणि मुलीने येणं का गरजेचं आहे, हे सगळं हवं. खाली सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर, फोन नंबर. दादा भर दुपारी ओपीडीबाहेर बसून राहिला. सर्जन ऑपरेशनमध्ये होते. शेवटी एका तरुण रेसिडेंट डॉक्टरने स्वतः पत्र टाइप केलं, सरांची सही घेतली आणि दादाच्या हातात देताना विचारलं, "ताई येतील ना मग?" त्या मुलाचं नावही मला ठाऊक नाही. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

दुसरा कागद म्हणजे मी त्यांचीच मुलगी असल्याचा. माझा जन्मदाखला जुना, महानगरपालिकेचा, सगळा मराठीत. मराठी कागद द्यायचा तर सोबत इंग्रजी भाषांतर लागतं, आणि दोन्ही भाषा येतात व भाषांतर बरोबर आहे असं भाषांतर करणाऱ्याने लिहून सही करावी लागते. आमच्या इथल्या एका मैत्रिणीने रात्री जागून ते केलं.

कॉल सेंटरचा पहिला माणूस फक्त नोंद घेतो. मग वरच्या पातळीवरचा अधिकारी आपल्याला फोन करतो, कधी ते सांगत नाहीत. मी फोन हातात घेऊनच वावरत होते, न्हाणीघरातसुद्धा. फोन आला तेव्हा नवऱ्याने समोर वही धरली होती, त्यावर मुद्दे लिहिलेले. माझा आवाज गेला की तो बोट ठेवायचा. अपॉइंटमेंट मिळाली.

फील्ड ऑफिस शिकागोच्या डाउनटाउनमध्ये. नवा भरलेला आय-131, दोन फोटो, आय-485 ची पावती, डॉक्टरांचं पत्र, दाखला, भाषांतर, तिकिटाचं बुकिंग, सगळं एका फोल्डरमध्ये. काउंटरवरच्या बाईंनी पत्र सावकाश वाचलं. मग पासपोर्ट उघडला. आपल्याकडे मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव लागतं, माझ्या पासपोर्टवरही आहे. त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं, तेच बोट पत्रातल्या पेशंटच्या नावावर नेलं आणि मान हलवली. दुपारनंतर माझा फोटो छापलेला कागद हातात आला. आय-512एल, म्हणजेच ॲडव्हान्स परोल. त्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, की हा कागद म्हणजे देशात घेण्याची हमी नव्हे. तो निर्णय विमानतळावरचा अधिकारी घेईल. वकिलांनीही तेच बजावलं होतं. जा, पण हे समजून जा.

नवरा सोबत आला नाही. त्याला यायचं होतं, बाबांचा तो फार लाडका. पण मागे पत्रपेटी कोण बघणार? बायोमेट्रिक्सची (बोटांचे ठसे, फोटो) किंवा मुलाखतीची नोटीस टपालाने येते, आणि ती तारीख कळवल्याशिवाय चुकली तर अर्ज धोक्यात येतो. म्हणून तो रोज पत्रपेटी उघडायचा आणि रिकामी असली तरी मला कळवायचा.

तिकीट दोहामार्गे काढलं. दोहाहून थेट नागपूर गाठता येतं, मुंबई-दिल्लीला उतरावं लागत नाही, हे एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. युरोपमार्गे जायचं तर भारतीय पासपोर्टवर कुठे कुठे ट्रान्झिट व्हिसा मागतात. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, पण ॲडव्हान्स परोल म्हणजे व्हिसाही नाही आणि ग्रीन कार्डही नाही. स्वस्त तिकिटाच्या नादात ही गोष्ट सुटायला नको.

शिकागो ते दोहा तेरा तासांच्या आसपास. त्या वेळाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. फोल्डर मांडीवर होता.

सोनेगावच्या विमानतळावर उतरले तेव्हा अजून उजाडायचं होतं, आणि बाहेर पाय ठेवताच तोंडावर गरम झळ आली. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. दादा आला होता, दुपट्टा खांद्यावर टाकून. बॅग डिकीत टाकली, घरी न जाता सरळ हॉस्पिटलकडे निघालो. वर्धा रोड रिकामा होता. डबल डेकर पुलावरून जाताना डोक्यावर मेट्रोची लाइन, खाली झोपलेलं शहर. मी नागपूर सोडलं तेव्हा तिथे नुसते खांब उभे राहत होते. दादा काही बोलला नाही, फक्त एसी वाढवत राहिला.

बाबांना सकाळच्या भेटीच्या वेळेत पाहिलं. हाताला सलाइन, दाढी वाढलेली. मला बघून त्यांनी आधी डोळे बारीक केले, मग एकदम घाबरले.

"काहून आली तू? कार्डाचं काय झालं तुझ्या?"

"कागद घेऊन आली आहे, बाबा."

"दाखव."

मी फोल्डर उघडून त्यांना तो कागद दाखवला. चष्मा नव्हता, तरी त्यांनी तो हातात धरला, फोटो पाहिला, तारीख विचारली. आयुष्यभर खाणीवर परवाने आणि रजिस्टरं तपासलेला माणूस. "सांभाळून ठेव," म्हणाले, "आईजवळ देऊ नको, ती देवघरात ठेवते अन् मग सापडत नाही." मग माझा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही.

ऑपरेशनला रक्तदाते हवे होते. दादाचे मित्र आले, वेकोलितले बाबांचे जुने सहकारी स्वतःच्या मुलांना घेऊन आले. आयसीयूबाहेरच्या त्या पट्ट्यात मी जे नागपूर पाहिलं ते मला नव्याने कळलं. चटया अंथरून गावोगावचे लोक राहत होते. भंडारा, गोंदिया, छिंदवाडा, बैतूल. शेजारच्या चटईवरच्या एक काकू तुमसरच्या. त्यांचे यजमान आत होते. "जेवली का पोरी?" असं विचारून त्यांनी माझ्यापुढे डबा सरकवला. ज्वारीची भाकरी आणि भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर घातलेली वांग्याची भाजी. धंतोलीत हॉस्पिटलं खूप आणि बसायला जागा कमी. रिक्षा, ॲम्ब्युलन्स, मेडिकलची दुकानं, सगळं त्याच गल्ल्यांत. पेशंटच्या नातेवाइकांसाठी सावलीची, पंख्याची, आंघोळीची सोय या शहराने केलीच पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं. अर्धा विदर्भ आणि मध्य प्रदेशचा एक तुकडा इथे उपचाराला येतो.

त्याच आठवड्यात नागपुरात 56 अंश तापमान नोंदलं गेल्याची बातमी आली. सगळ्या पट्ट्यात दुसरा विषय नव्हता. नंतर हवामान खात्याने सेन्सरमध्ये दोष असल्याचं सांगितलं. पण बाहेर उभं राहिलं की कुणालाही ते खरं वाटलं असतं. दुपारी रस्ते सामसूम, जो दिसेल त्याचं तोंड दुपट्ट्यात. आई घरून पन्ह्याची बाटली भरून आणायची आणि चटईवरच्या सगळ्यांना देत फिरायची.

ऑपरेशनच्या दिवशी संमतीपत्रावर दादाने सही केली आणि साक्षीदार म्हणून मी. पेन चालेना, दादाने ते तळहातावर घासलं. मग आम्ही तिघं टेकडीच्या गणपतीला जायचं म्हणून उठलो, पण आईचे पाय उचलेनात. तिथेच बसून राहिलो. संध्याकाळी सर्जन बाहेर आले, मास्क गळ्यात, आणि सगळं ठीक झाल्याचं सांगितलं. तुमसरच्या काकूंनी आईला मिठी मारली. त्यांच्या यजमानांचं मात्र दोन दिवसांनी वाईट झालं. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्यालाही काकूंनी आधी काही कळवलं नव्हतं, त्याची नवी नोकरी म्हणून. तो पोचला तेव्हा उशीर झाला होता. त्याला जिन्यात बसलेलं पाहिल्यावर दादा माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "चुकलं माझं." मी म्हटलं, "आता यापुढं सांगत जा."

बाबा घरी आले, प्रतापनगरच्या घरात कूलरला नव्या ताट्या लागल्या, आणि माझ्या निघण्याची वेळ झाली. कागदाची मुदत संपायच्या आत परत पोचायचं होतं. बाबांनी दारापर्यंत चालत येण्याचा हट्ट धरला. जावईबापूंना व्हिडिओवर सांगितलं, "घ्या तुमची ठेव परत."

परतीचा प्रवास दिल्लीमार्गे होता. दिल्लीच्या काउंटरवर तरुण मुलीने पासपोर्ट उलटसुलट पाहिला. माझ्या स्टुडंट व्हिसाची मुदत संपलेली होती. "मॅम, व्हिसा?" मी कागद पुढे केला. तिने तो कधी पाहिला नव्हता. सुपरवायझर आले, कुठेतरी फोन झाला, मागची रांग वाढत गेली. मी बाजूला उभी राहिले आणि मनात बाबांचं 'सांभाळून ठेव' चाललं होतं. अखेर बोर्डिंग पास मिळाला. या कागदावर प्रवास करणाऱ्यांनी विमानतळावर वेळेच्या बऱ्याच आधी जावं.

शिकागोला मला बाजूच्या खोलीत नेलं. हे होणारच असतं, त्यात घाबरण्यासारखं नाही. फोन बंद, बाकांवर निरनिराळ्या देशांची माणसं, नाव पुकारेपर्यंत बसायचं. अधिकाऱ्याने विचारलं, कशासाठी गेला होता? मी सांगितलं. "वडील आता कसे आहेत?" मी म्हटलं, घरी आहेत, चालायला लागलेत. त्याने पासपोर्टवर परोलचा शिक्का मारला, तारीख घातली आणि जायला सांगितलं. बाहेर नवरा दोन्ही हात वर करून उभा होता, एका हातात त्या दिवशी आलेलं टपाल.

त्यात आमची नोटीस नव्हती. मुलाखत पुढे झाली, कार्डही आलं. लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, म्हणून सध्या दोन वर्षांचं सशर्त कार्ड आहे. त्याची मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत अटी काढण्याचा अर्ज करायचा आहे. ते करू.

बाबा सकाळी कॉलनीत फेऱ्या मारतात. त्यांच्या तपासण्या झाल्या की दादा सगळ्या रिपोर्टचे फोटो मला पाठवतो, चांगले असोत की वाईट. मागच्या वेळी साखर वाढलेली होती. बाबांनी पाठवू नको म्हटलं, तरी त्याने पाठवला. मी लगेच फोन लावला आणि बाबांना चहातल्या साखरेवरून भरपूर बोलले.