नवी गाडी महागली आणि आमचं गॅरेज चाललं

आमच्या गॅरेजची सुरुवात १९९८ साली दोन जॅक, पान्यांचा एक डबा आणि उधारीवर घेतलेला कॉम्प्रेसर एवढ्यावर झाली. इंजिनाचं मी बघायचो, डेंटिंगचं भागीदार. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर उघडायचा, त्यातला बारीक भोकाचा जेट पेट्रोलमध्ये धुवायचा, फुंकर मारायची आणि स्क्रू पाव-अर्धा फेरा फिरवत कानाने इंजिन लावायचं. संध्याकाळी हात काळे आणि गल्ल्यात पैसे. एक दिवस आपण ओळंबा आणि मोजपट्टी घेऊन फरशीवर रेघा मारत बसू, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

सुरुवातीची वर्षं सगळ्यांची असतात तशीच गेली, त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. सांगण्यासारखं सुरू झालं ते गिऱ्हाइकांनी गाड्या बदलायचं थांबवल्यावर. पूर्वी गाडी सहा-सात वर्षांची झाली की मालक ती विकून नवी घ्यायचा आणि आमच्या हातातलं गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जायचं. आता तीच गाडी बाराव्या-तेराव्या वर्षीही आमच्या रॅम्पवर असते. हे आमच्यापुरतं नाही. अमेरिकेत रस्त्यावर धावणाऱ्या मोटारींचं सरासरी वय २०२४ मध्ये १२.६ वर्षांवर गेलं होतं.

आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. २०२१ च्या मध्यावर ते शोरूममधून थेट आमच्याकडे आले. हातात कोटेशन. "अरे, एवढं काय सोन्याचं बसवलंय हिच्यात?"

मी म्हटलं, "काका, सोन्याचं परवडलं असतं."

थट्टा होती, पण अगदीच खोटी नव्हती. सायलेन्सरच्या आधी धुरातले विषारी वायू कमी करणारा जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा लेप असतो. २०१६ मध्ये औंसाला हजार डॉलरच्याही खाली असलेलं रोडियम मार्च २०२१ मध्ये २८,००० डॉलरच्या पुढे गेलं. म्हणजे त्या दिवसांत सोन्याच्या पंधरापटीहून जास्त. एका गाडीत ते चिमूटभरच लागतं, त्यामुळे सगळी महागाई त्याच्या माथी मारता येणार नाही. पण उभ्या गाडीखाली शिरून कन्व्हर्टर कापून नेणारे चोर का वाढले, ते यावरून कळतं.

काकांना त्या दिवशी गाडी मिळणारही नव्हती. शोरूमवाल्याने कित्येक महिन्यांची वेटिंग सांगितली होती. २०२० मध्ये कारखाने बंद पडले तेव्हा मोटार कंपन्यांनी गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स चालवणाऱ्या चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. चिप बनवणाऱ्यांनी ती जागा लॅपटॉप आणि फोनवाल्यांना दिली. गाड्यांना मागणी परत आली तेव्हा मोटार कंपन्या रांगेत शेवटी. चिप काही भाकरी नाही, टाकली आणि भाजली. तिला महिने लागतात. त्यातच फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमधल्या थंडीच्या लाटेने तिथले चिप कारखाने थांबले आणि मार्चमध्ये जपानमध्ये रेनेसास या चिप कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. २०२२ ला युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तर तिथे हाताने बांधले जाणारे वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरांचे जुडगे, अडकले आणि युरोपातल्या मोठमोठ्या असेंब्ली लाइन थांबल्या. वायरच्या गुंडाळीपायी गाडी अडते, हे आम्हा मिस्त्री लोकांना नवीन नाही; कंपन्यांना तेव्हा कळलं असावं.

माझ्या मते खरी मेख मात्र पुढे आहे. चिपा थोड्या असतील तर त्या कुठल्या गाडीत घालायच्या? अर्थात ज्या गाडीत नफा जास्त तिच्यात. मोठ्या, उंच, महागड्या गाड्या आधी सुटल्या आणि छोटी गाडी मागे राहिली. डिस्काउंट गायब झाला, तरी गिऱ्हाईक रांगेत उभं होतंच. कमी गाड्या विकूनही गल्ला भरतो हे एकदा कळल्यावर कुठला दुकानदार मागे फिरेल? मीही फिरलो नसतो.

छोट्या गाडीचं मरण तसं आधीपासूनच जवळ आलं होतं. आम्ही शटर उघडलं त्याच सुमारास अमेरिकेत नव्या मोटारींना पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झाल्या. गाडी घसरू न देणारी ईएससी यंत्रणा युरोपात २०१४ अखेर प्रत्येक नव्या मोटारीत आली. आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आणि वेगमर्यादेची सूचना जुलै २०२४ पासून. यातल्या कशाबद्दलही माझी तक्रार नाही. चेपलेल्या गाडीतून माणूस चालत बाहेर आलेला मी पाहिलाय. पण ईएससीचा कंट्रोलर, रडार, कॅमेरा यांचा खर्च गाडी छोटी म्हणून निम्मा होत नाही. महागड्या गाडीत तो खर्च पचतो, स्वस्त गाडीत घशाशी येतो. छोट्या डिझेल गाड्या अशाच गेल्या. धुराचे नियम कडक झाले, काजळी अडवणारा फिल्टर आला, धूर साफ करायला युरियाची टाकी आली आणि हिशेब बसेना. १९७६ पासून चाललेली फोर्डची फिएस्टा जुलै २०२३ मध्ये बंद झाली. म्हणून 'गाडी महाग झाली' हे मला अर्धंच खरं वाटतं. स्वस्त गाडी बनायचीच थांबली. ज्याला चार चाकं, छप्पर आणि हीटर एवढंच हवंय, त्यालाही कंपनी हात पुसून सांगते की तसलं आता आम्ही ठेवत नाही.

आणि काही गोष्टी कुठल्याच कायद्याने मागितलेल्या नाहीत. डॅशबोर्डभर पसरलेला स्क्रीन, दारातले रंगीत दिवे, हात न लावता उघडणारी डिकी. पंख्याचा वेग वाढवायला पूर्वी एक खटका होता. तो वीस वर्षं टिकायचा आणि अंधारात हाताला सापडायचा.

याची किंमत विकत घेताना एकदा मोजावी लागते आणि आमच्या दारात पुन्हा. हेडलाइटचा बल्ब आम्ही उभ्याउभ्या बदलून द्यायचो. आता एलईडीचा अख्खा युनिट येतो, आत कंट्रोलर असतो, आणि त्याचा प्लास्टिकचा एक कान तुटला तरी बऱ्याचदा पूर्ण युनिटच मागवावा लागतो. भागीदाराचं दुखणं वेगळं. जुना पत्रा तो गरम करून, ठोकून सरळ करायचा. आता दरवाज्यांमधला खांब बोरॉन स्टीलचा, म्हणजे खास कडक केलेल्या पोलादाचा असतो. त्याला आच दिली की त्याची ताकदच जाते, म्हणून कापून नवाच बसवायचा. तीस वर्षं हातोडीवर पोट भरलेल्या माणसाला 'ठोकू नका' असं लिहिलेलं मॅन्युअल वाचून दाखवलं, तेव्हा तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

आमची सगळ्यात मोठी चूक एका काचेची. दगड लागून पुढची काच फुटलेली गाडी आली. काच आम्ही छान बसवली, सीलंट वाळू दिलं, गाडी दिली. दोन दिवसांनी मालकीणबाई परत. रस्ता सरळ असताना गाडी लेन सुटल्याची सूचना देत होती आणि स्टिअरिंग हलकेच एका बाजूला ओढत होती. काचेमागे आरशाजवळ कॅमेरा असतो. काच बदलली की त्याला पुन्हा समोर बघायला शिकवावं लागतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं. पैसे परत दिले, ही कॅमेऱ्याची जुळवणी, म्हणजे कॅलिब्रेशन, बाहेरून स्वखर्चाने करून घेतलं आणि त्या महिन्याचा नफा तिथेच गेला.

त्यानंतर आम्ही धडा घेतला तो असा: कर्ज काढून कॅलिब्रेशनचा सेट घेतला आणि गाडी उभी करायच्या एका जागेची फरशी उखडून पाण्यासारखी सपाट करून घेतली. आता गाडी उभी करायची, पुढच्या आणि मागच्या लोगोखाली ओळंबा सोडायचा, खडूने मधली रेघ मारायची, ठरलेल्या अंतरावर कॅमेऱ्याने बघायचा खुणांचा टार्गेट बोर्ड लावायचा आणि मिलिमीटरचा हिशेब करायचा. हे काम आमच्याकडची एक मुलगी करते. तिला कार्ब्युरेटर दाखवला तर ती तो शोभेची वस्तू समजेल. पण मला सापडायला दोन दिवस लागले असते तो फॉल्ट ती गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या स्कॅनरवर वीस मिनिटांत शोधते. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरचे पैसे मात्र दरवर्षी भरावे लागतात. ते मजुरीत धरले की गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हीही महागलात. बरोबरच आहे.

कर्जाचं तर विचारूच नका. २०२२ पासून जगभरातल्या बहुतेक मोठ्या मध्यवर्ती बँकांनी व्याजदर चढवले, त्यामुळे तीच गाडी हप्त्यात आणखी जड झाली. हप्ता हलका दिसावा म्हणून मुदत लांबवतात, सात-सात वर्षं. एवढ्यात टायरांचे दोन सेट संपतात आणि कर्ज चालूच असतं.

काकांनी ती गाडी घेतली नाही. जुनीचे सस्पेन्शनचे बुश, शॉक अब्सॉर्बर आणि टायमिंग चेन आम्ही बदलून दिली. ती आजही येते.

आमचीही एक गाडी आहे, स्पेअर आणायला वापरतो ती. चौदा वर्षांची. गेल्या वर्षी ठरवलं की आता नवी घ्यायची, गॅरेजवाल्याचीच गाडी खटारा दिसणं बरं नाही. दोघं नवे शर्ट घालून शोरूमला गेलो, कोटेशन घेतलं, परत येताना कुणी काही बोललं नाही. ते कोटेशन अजून ड्रॉवरमध्ये आहे. मागच्या शनिवारी तिचा क्लच बदलला.