कुंपणाच्या आतलं रान

2021 च्या नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या दिवसांत, टेनेसीतल्या आमच्या नऊ एकरांत एक गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीच्या नियमांवर नजर ठेवणारा सरकारी अधिकारी, ओढ्याकाठी उभा दिसला. फाटकाला कुलूप, खांबावर 'आत येऊ नये'ची पाटी, आणि चिखलात त्याच्या बुटांचे ठसे थेट गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत. वॉरंट विचारलं, तर म्हणाला, मोकळ्या रानाला लागत नाही.

तो खोटं बोलत नव्हता. 1924 च्या हेस्टर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घर आणि शेत यांत भेद केला; 1984 च्या ऑलिव्हर निकालाने पाट्या नि कुंपणंही निरुपयोगी ठरवली. विनावॉरंट झडतीपासून घर आणि त्याला लागून असलेलं अंगण तेवढं सुरक्षित. वर टेनेसीचा कायदा वॉर्डनला इमारती सोडून कुठेही जाऊ देत होता.

चोरट्या शिकारीची मलाही चीड आहे. पण ज्या मातीत मी रोज राबतो, ती माझी नाही कशी?

मे 2024 मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने अशा विनावॉरंट झडतीविरुद्ध लढणाऱ्या जमीनमालकांची बाजू घेतली. टेनेसीच्या घटनेत झडतीपासून संरक्षण देणाऱ्या कलमात 'पझेशन्स', म्हणजे ताब्यातली मालमत्ता, हा शब्द आहे, आणि वापरातली शेतजमीन त्यात येते. निकालाची ती ओळ मी बाबांना फोनवर दोनदा वाचून दाखवली.